विहिरीच्या उलट्या फेऱ्या

३ जानेवारी, सकाळी ७

निघायचं आठला. मी सहापासून तयार. विम्याच्या कचेरीतली नोकरी जाऊन चौदा महिने झाले. आज प्रथमच दाढी करताना शीळ वाजवली. माझ्या बायकोची, डिम्पनाची, थोरली बहीण असम्प्टा. तिच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना मार्चपासून जुन्या दंतकथांच्या जागा दाखवायला गाइड हवाय. आधी तिला आणि घरच्यांना मिनीबसमधून तीन दिवस फिरवून दाखवायचं. सहा तारखेला ती निकाल देणार. औपचारिकता आहे.

एक्केचाळीस कथांची कार्डं लिहिलीत. अकारविल्हे लावलीत.

संकल्प : रस्ता कुणालाही विचारायचा नाही. गाइडने रस्ता विचारणं म्हणजे पाद्र्याने प्रार्थना विचारणं.

३ जानेवारी, संध्याकाळ

निघालो सव्वादहाला. पॅकीमामांची कवळी सापडत नव्हती. (डिम्पनाचे मामा. वय एक्क्याऐंशी. बोलावलं नव्हतं.)

दाट धुकं. तळ्यातल्या घोड्याची कथा सांगितली. त्याच्यावर बसेल त्याला तो थेट तळाशी नेतो. खिडकीबाहेर बोट दाखवून शेवट केला, तेवढ्यात धुकं विरलं. गुरांच्या बाजाराचं पार्किंग निघालं. मामा म्हणाले, "जावईबापू, घोडा बुडाला की पार्क केलाय?" असम्प्टा डोळे पुसेपर्यंत हसली. श्रोते मोकळे होताहेत, चांगली खूण.

४ जानेवारी

पाऊस. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे बस कशीबशी मावेल एवढा रस्ता. एक लाल फाटक तीनदा लागलं. फाटकाशी उभ्या शेतकऱ्याने पहिल्यांदा ओळख द्यायच्या इकडच्या रिवाजाप्रमाणे एक बोट उचललं, दुसऱ्यांदा अख्खा हात, तिसऱ्यांदा टोपीच काढली.

डिम्पना म्हणाली, विचार ना रे त्याला. मी म्हणालो, आपण परिसर सखोल बघतोय.

असम्प्टाने विचारलं, "फिंटन, डोंगर कुठाय?" म्हटलं, त्या ढगामागे. ती म्हणाली, "मग ढगाचीच काहीतरी गोष्ट सांग." कार्ड नव्हतं.

बस वळवताना चाक खड्ड्यात. साडेचारला अंधार. शेतकरी ट्रॅक्टर आणायला गेला. गाडीत थंडी, सगळे चिडचिडे, भुकेले. वेळ जावा म्हणून डिम्पना बोलू लागली. याच टेकडीतली म्हातारी, जी ओच्यात हिवाळा भरून आणते आणि गाठ सैल झाली की वाटेत सांडत जाते. डिम्पनाने आजीकडून ऐकलेली गोष्ट. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मला कधी सांगितली नव्हती. शेतकरी आला, त्याने ट्रॅक्टर बंद केला आणि खिडकीला कान लावून भिजत उभा राहिला. गोष्ट संपल्यावरच दोर बांधला.

वेळ बरा गेला. पण मांडणीत शिस्त नाही. सनावळी तर नाहीच.

५ जानेवारी, परतल्यावर

अंग ठणकतंय. मोजे ओले.

पवित्र विहीर. तीन फेऱ्या घालायच्या, मनात मागणं मागायचं. नेतृत्व माझं. उजवीकडे चिखल कमी होता, म्हणून तिकडून सुरुवात केली. सगळे माझ्यामागे, खाली मान घालून, टोप्या कानांवर ओढून. मी मागितलं : ही नोकरी माझ्या घरात येऊ दे.

तिसऱ्या फेरीत मामा किंचाळले. "अरे गाढवा! सूर्य कुठून कुठे जातो? उलट्या फेऱ्या शाप द्यायला घालतात!"

कार्डावर हे होतं. पण 'विहीर' 'व'मध्ये, आणि मी अजून 'त'वरच.

आपण नक्की कुणाला शापलं हे कुणाला कळेना. असम्प्टा तशी हिशेबी बाई, भुताखेतांना हसणारी. पण तिचाही चेहरा पडला. डिम्पनाने सगळ्यांना परत रांगेत उभं केलं आणि भर पावसात तीन सुलट्या फेऱ्या घालायला लावल्या. मी घातल्या नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता, शिवाय मोजे.

परतीचा रस्ता डिम्पनाने सांगितला. चाळीस मिनिटांत घरी.

६ जानेवारी, रात्री ९

इकडच्या रिवाजाने आज बायकांचा नाताळ. त्यांनी पाय पसरून बसायचं, चूल पुरुषांची. मी एप्रनमध्ये. हॅम थोडं करपलं. मामा बटाटे सोलायला म्हणून आले आणि सल्ले सोलत बसले.

बाहेरच्या खोलीत असम्प्टा, डिम्पना आणि हॉटेलातल्या दोघीजणी. एकदम टाळ्या. निकाल लागला तर! एप्रन काढला, केस नीट केले, बाहेर गेलो.

असम्प्टा म्हणाली, "ये फिंटन. तुझ्या बायकोचं अभिनंदन कर. मार्चपासून गाइड ती."

मी म्हटलं, अरे वा. आवाज ठीक निघाला असावा. डिम्पना माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर विजय असता तर बरं झालं असतं. नव्हता.

असम्प्टा म्हणाली, बस चालवायलाही माणूस लागेल, ते काम तुझं. एकच अट : गाडीत बोलायचं नाही.

मागून मामा म्हणाले, "विहिरीने ऐकलं हो जावईबापू! घरातच आली ना नोकरी?" मागणं मी मोठ्याने बोललो होतो की काय?

सात वाजता बायका पबमध्ये गेल्या. भांडी मी घासली. कार्डं टेबलावरच आहेत. डिम्पनाने मागितली नाहीत.

उद्या विहिरीवर एकटंच जाऊन तीन सुलट्या फेऱ्या घालाव्या म्हणतो. डिम्पना आली की रस्ता विचारतो.