पिवळा दिवा विझला

अकोला, बुधवार संध्याकाळ

जुनी व्हॅन इंजिनचा ऑक्सिजन सेन्सर बदलायला गॅरेजात टाकली होती. डॅशबोर्डवरचा, बिघाड दाखवणारा पिवळा दिवा विझलेला पाहून खूश झालो, पण पुलाच्या चढावर गाडीने तसेच आचके दिले. परत गॅरेज.

“सेन्सर भेटूनच नाही राह्यला, सर,” मेकॅनिक देविदासभाऊ म्हणाले. “तुमाले दिव्याचाच तरास होता ना? बल्ब काढून टाकला.”

मोक्षाची इतकी सोपी वाट शास्त्रांनाही सुचली नाही. हसलो. कावून हसलो, काय माहीत!

उद्या भाचीला धारणीहून आणायचंय. नववा महिना, रस्ताभर घाट. दुसरी गाडी मागू कुणाला? कपाशी बुडाल्यापासून ओळखीतल्यांच्या गाड्या विकल्याच गेल्या.

तिचा फोन आला. “मामा, गाडी झाली न दुरुस्त?”

“दिवा विझला,” एवढंच म्हणालो.

“मंग बॅग भरून ठेवते.” किती निर्धास्त आवाज होता तिचा.