पोस्टरची दृष्ट

हैदराबाद

ती. आईला सोमनाथचा लांबूनच वाकून नमस्कार.

फोनवर तू लगेच रडतेस, म्हणून लिहितोय. माझा नवा कराटेचा पिक्चर शुक्रवारी नाशकात लागेल. त्यात मला लय मारतात. मागच्यासारखी थेटरात उभी राहून व्हिलनला शिव्या देऊ नको, ते सगळं खोटं असतं.

मी मजेत आहे. उंच लाथा तेवढ्या आता माझे कपडे घालून दुसराच एक जण मारतो.

अण्णा द्राक्षांवर फवारणी करताना तोंडाला फडकं बांधतात का?

वहिनी म्हणाली, तू स्टँडजवळच्या माझ्या पोस्टरवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतेस. मी खूप हसलो.

या वेळी उजव्या गुडघ्यावरून जरा जास्त वेळ ओवाळ.

तुझा,
सोमा