ठमीच्या मिश्या, दोन्ही बाजूंनी सारख्या

बाळ्या,

सलूनमधून आलास की आधी हे वाच, मग हातपाय धू.

काल तू काय प्रताप केलास ते शेजारच्या काकूंनी सांगितलं. ठमीच्या एका बाजूच्या मिश्या गॅसवर जरा होरपळल्या, ते तुझ्या डोळ्यांत खुपलं, म्हणून तू दुसरी बाजू बारीक केलीस. मग पहिली लांब वाटायला लागली. असं करत करत दोन्ही बाजू साफ! मांजर आहे ती, तुझं गिऱ्हाईक नाही.

अरे शहाण्या, त्या मिश्या शोभेला नसतात. अंधारात, अडचणीच्या जागी, आपण मावू की नाही हे तिला त्यांनीच कळतं. सकाळपासून दोनदा चौकटीला धडकली. कपाटामागे अडकली, तेव्हा एकटीने कपाट ओढून मी तिला बाहेर काढलं. आता माझ्या पलंगाखाली बसलीय. तिला ओढू नकोस, दुधाची वाटी तिथेच सरकव.

मिश्या परत यायला दोन-तीन महिने लागतील, असं तिचे डॉक्टर म्हणाले. तोवर घरातलं एक स्टूलसुद्धा जागचं हलवायचं नाही.

बाबांची नजर गेली तेव्हाही मी हेच बजावलं होतं. एक दिवस मी कामावरून आले, तर तू सगळ्या खुर्च्या भिंतीला ओळीने लावल्या होत्यास. दारातच मला म्हणालास, "ताई, बघ, कसं छान दिसतंय."

बाबा आतल्या खोलीत जमिनीवर पडले होते. तुला पत्ताही नव्हता.

कात्री मी बरोबर नेतेय.

ताई