सात पाड्यांनी ठरवलेलं शेपूट

प्रिय आशाताई,

सुरतहून दोधूचा नमस्कार. फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर बोलायचं म्हणजे तू टेकडीवर रेंजला येणार, मागे गटाच्या पंधरा बायका येणार आणि माझा आवाज स्पीकरवर सगळ्यांना ऐकू जाणार. म्हणून लिहितो. आश्रमशाळेत सातवीपर्यंतच टिकलो, तेव्हा चुका सांभाळून घे. आणि हे एकटीच वाच.

ताई, मी पार वैतागलोय. तुमच्या आमचुराच्या गटाला वेबसाइटचं नाव घ्यायचं, हे पाच मिनिटांचं काम. 'सातपाडा आमचूर' ठरलं, चांगलं ठरलं. मग टिंबानंतर शेपूट कोणतं लावायचं, कॉम की इन की आणखी काही, एवढ्यासाठी तुम्ही सातही पाड्यांची बैठक बसवली. ती पण चारदा! कोणाचं मन मोडायचं नाही, सगळे हो म्हणेपर्यंत उठायचं नाही, ही आपली रीत मला माहीत आहे. विहीर खोदायची असेल तर ठीक आहे. विहीर काय कोणी उचलून नेत नाही. रामसिंगकाका म्हणे ऑर्ग लावा, कारण औषधं वाटायला येणाऱ्या संस्थेच्या गाडीवर ते लिहिलेलं असतं. बुध्या म्हणे भारत लावा, आपल्या अक्षरात तरी दिसेल. गुलाबबाईने एक्सवायझेड धरलं, सगळ्यात स्वस्त म्हणून. आणि तू कॉमवर अडून बसलेली.

मी किती वेळा सांगितलं! या वेबसाइटवाल्या ऑफिसात मी चहा देतो, फरशी पुसतो, पण भिंतीवरचा काचेचा फळाही मीच पुसतो. त्याचा एक कोपरा पुसायचा नाही असा शेठचा हुकूम आहे, तिथे सगळ्या शेपटांचे आकडे असतात. वर्षभर रोज तेच बघतोय, आता झोपेतही म्हणून दाखवीन. कॉम सगळ्यांचा बाप, जगात सोळा कोटींच्या आसपास. पण म्हातारा झालाय, हळूहळू चालतो, आणि गर्दी एवढी की तिथे चांगलं नाव मोकळं सापडत नाही. इन आपल्या देशाचं, चाळीस लाखांच्या वर गेलंय. बापापुढे पोरगंच, पण अंगाने भरतंय. एक्सवायझेड, शॉप, ऑनलाइन ही मंडळी पहिल्या वर्षी जवळजवळ फुकटात मिळतात म्हणून धडाधड वाढतात. दुसऱ्या वर्षी भाव कितीतरी पट होतो आणि लोक सोडून पळतात. फळ्यावर त्यांची रेघ म्हणजे आपला घाटाचा रस्ता. एआय तर कुठल्याशा चिमुकल्या बेटाचं शेपूट, पण सध्या सगळे त्याच्याच मागे. ऑर्ग संस्थांना शोभतं, माल विकणाऱ्याला नाही. भारत मलाही आवडतं, पण देवनागरीत पत्ता टाइप करणारं एक गिऱ्हाईक शोधून आण म्हणावं बुध्याला.

म्हणून म्हणत होतो, इन घ्या, आजच घ्या. तुझं एकच, मोठ्या लोकांचं सगळं कॉम असतं, आपण काय कमी? शेवटी चौथ्या बैठकीत सगळे कॉमला हो म्हणाले. आणि तुम्ही काय केलं? नाव घ्यायच्या आधी तळोद्याला जाऊन पाचशे पिशव्या छापून आणल्या, वीस तारखेच्या नंदुरबारच्या प्रदर्शनासाठी! का, तर बैठकीत ठरलं म्हणजे झालं. मोहाचं झाड कोणाचं हे बैठकीत ठरतं ताई, इंटरनेटला आपली बैठक कळत नाही. पिशव्या आल्यावर नाव घ्यायला गेलीस, तर कॉम कोणीतरी आधीच घेतलेलं. आता ते उघडलं की 'हे नाव विकणे आहे' एवढंच दिसतं. पिशवी बघून गिऱ्हाईक तिथे गेलं तर आमचूर कोणाकडे मागेल?

तेव्हापासून तुझे निरोप चालूच. दोधू, वर्षभराने सुटेल ना ते? दोधू, तुझा शेठ एवढा जाणकार, त्याला सांग ना, मिळवून देईल. परवा तर आई म्हणाली, शेठला दोन किलो आमचूर पाठवू, चांगला पांढरा. ते ऐकून मी जिन्यात जाऊन बसलो. शाळा सोडली, ऊसतोड सोडली, कापडाचा माग सोडला, हॉटेल सोडलं. दर वेळी तू म्हणालीस, जाऊ दे, दोधूचे पाय एका जागी ठरत नाहीत. एकदा तरी रागवायचं होतंस!

शेठला आमचूर पाठवू नका. नाव त्यानेच घेतलंय. आणि त्याला ते मी सांगितलं. चौथ्या बैठकीचा तुझा निरोप ऐकून मी चहा देताना हसत होतो. शेठने विचारलं, काय झालं रे? मी सगळं रंगवून सांगितलं. रामसिंगकाकांची नक्कल केली, गुलाबबाईची केली, तुझीही केली. सगळं ऑफिस हसलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला बसायला खुर्ची दिली त्यांनी. शेठने नाव दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.

महिनाभर तुमच्यावर चिडत राहिलो, कारण चिडलेलं असलं की ती खुर्ची आठवत नाही. काल काम सोडलं. इन अजून मोकळं होतं, ते तुझ्या नावावर घेतलंय. या वेळी कोणाला विचारलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. पिशव्यांवरचं कॉम झाकायला पाचशे स्टिकर छापून घेतलेत, दोन दिवसांत आपण चिकटवू. शनिवारी तळोद्यापर्यंत बसने आणि पुढे जीपने येतो. वर लिहिलंय एकटीच वाच, ते खोडून टाक. रविवारी सातही पाड्यांची बैठक बसव आणि हे पत्र सगळ्यांना वाचून दाखव. मी मध्ये उभा राहीन. सगळे हो म्हणेपर्यंत घरात पाय ठेवणार नाही, मग चार बैठका लागोत की चाळीस.

तुझाच, या खेपेला पाय ठरवून येणारा,
दोधू