ओल्या पाठीच्या गाई

प्रिय भिंगवाल्या,

तू निवृत्त झालास आणि महिनाअखेरीला मुलाकडे कायमचा राहायला निघालास, हे तुझ्या बहिणीकडून कळलं. मला कळवताना तुझी बोटं झिजली असती का? वहिनी गेल्यापासून ते घर तुला खायला उठतं, तेही तिच्याकडूनच समजलं. असो. इकडची एक केस ऐक.

इथल्या डेअरीत गाईंच्या पाठीवर खपल्या उठल्या. मालकाने गजकर्ण समजून बुरशीचं मलम चोपडलं, आणि वर उकाड्याचा त्रास नको म्हणून दिवसभर पाण्याचे फवारे. मला कौतुकाने म्हणतो, "डॉक्टरीणबाई, माझ्या गाई माझ्यापेक्षा जास्त आंघोळी करतात!" मी म्हटलं, "दिसतंय ते. दोघांकडे बघून." कातडी सतत भिजून मऊ पडली की जंतूंचं फावतं, हे त्याला कोण सांगणार? खपली उचलली तर केसांचा झुबका कुंचल्यासारखा हातात आला, खाली गुलाबी कातडी आणि पू. तिथेच ओळखलं, ही बुरशी नव्हे, ओलीत वाढणारे जंतू. तरी खपली भिजवून काचपट्टी रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. जंतूंच्या त्याच जोडरांगा, एकमेकींना लागून चाललेल्या. कॉलेजात एका भिंगासाठी आपण किती भांडायचो, मी दरडावलं की तू मला हेडमास्तरीण म्हणायचास! तू जागचा हलायचा नाहीस आणि मलाही तू हलायला नको असायचास. पण तू जंतूंत इतका बुडालेला, तुला कुठलं कळायला!

फवारे बंद करवले. खपल्या भिजवून अलगद काढल्या, जंतुनाशकाने धुऊन पाठी कोरड्या ठेवल्या. जास्त बिघडलेल्या गाईंना पेनिसिलीन टोचलं आणि त्यांचं दूध औषधाचा अंश उतरेपर्यंत विकू दिलं नाही. मालकाने तोंड वाकडं केलं, करू दे. आता नवे केस येताहेत, मखमलीसारखे. काल मला कजाग म्हणणारा आज चहा घेतल्याशिवाय सोडत नाही.

घरी आले की हे सांगायला कुणी नसतं. मग तुला लिहायला बसते. सल्ल्यासाठी लिहिते, असं तू इतकी वर्षं समजत आलास आणि पानंच्या पानं भरून औषधं कळवत राहिलास. अरे, सल्ला मला एकदाही लागला नव्हता. या गाईही तुझ्या मदतीवाचून बऱ्या झाल्या आहेत. दवाखान्यात एक खुर्ची रिकामी आहे आणि घरातही. मुलाकडे सामान पाठवण्याआधी एकदा इकडे येऊन बघ. या वेळी औषध लिहू नकोस, येतोस की नाही तेवढं लिही.

तुझीच,
हेडमास्तरीण