एकशेवीस वाक्यांची तयारी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
सतरा तारखेला हॉटेलच्या फ्रंट डेस्कसाठी इंटरव्ह्यू. सगळा इंग्रजीत. चौदा दिवस म्हणजे चिकार. पद्धत बाबांचीच: एक शब्द, एक वही, एकशेवीस वाक्यं. पाचवीपर्यंत त्यांनी मला घरीच शिकवलं ते असंच. त्यांनी लाल पेनाने 'पक्कं' लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. सुरुवात सर्वांत सोप्या शब्दाने: 'गो'. दुपारपर्यंत उरकेल. दिवसाला दहा शब्द.

संध्याकाळी.
नऊ वाक्यं. दूध नासलं तरी 'गो', अलार्म वाजला तरी 'गो'. माणूस वेडा होतो तेव्हाही 'गो'च. गाफील राहिले. दिवसाला एक शब्द. हाही वेग चांगलाच.

६ मार्च.
'हाउज इट गोइंग' यात नेमकं काय जातंय? बाबा म्हणाले, जे चाललंय ते. 'पक्कं' मात्र लिहिलं नाही, विचार करून सांगतो म्हणाले. पान अडलं.
धाकटी म्हणते, ताई, हॉटेलात लोक किल्ली मागतात, वही नाही. लक्ष दिलं नाही. तिचा पायाच कच्चा. तिची वेळ येईतो बाबा दमले होते, तिला थेट शाळेत घातलं.

१० मार्च.
एकाहत्तर. अडलेल्या पानावर बाबांनी परवा 'पक्कं' लिहिलं. आईने विचारलं, मोठ्याने बोलून बघितलंस का? नाही. अर्धवट तयारीने बोलणं म्हणजे समोरच्याची फसवणूक. शेवटच्या दोन दिवसांत बोलेन.
येरझाऱ्या घालत पाठ करते. खालच्या काकूंनी तक्रार केली. आता अनवाणी.

१४ मार्च.
एकशेअकरा. नववं चुकलं असावं अशी शंका. पहिल्यापासून तपासायला घेतलं.

१७ मार्च. सकाळी ८.
एकशेअठरा. उरलेली दोन वाटेत. बोलायचं राहिलं. शेवटच्या पानावर 'पक्कं' नाही, पण चालवून घेणार. माणसाने लवचीक असावं. धाकटी सोबतीला येतेय.

दुपारी ३.
माझा नंबर पहिला होता. पण ते पान खुपत होतं, म्हणून मागच्या मुलीला म्हटलं, तुम्ही आधी जा. मग तिच्या मागचीला. अशा सात जणी. हे सौजन्य कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.
शेवटी मॅनेजरबाई स्वतः बाहेर आल्या. धाकटीने त्यांना इंग्रजीत सांगितलं, ताई दोन मिनिटांत येतेच. मग त्या दोघी पंधरा मिनिटं बोलत बसल्या. हसत होत्या. धाकटीने तीन चुका केल्या. मी मोजल्या.
नंतर मी आत गेले. बाईंनी विचारलं, हाउज इट गोइंग? माझं बेचाळिसावं वाक्य! चार उत्तरं तयार होती. त्यातलं कुठलं योग्य ते ठरेपर्यंत बाईंनी माझ्यासाठी पाणी मागवलं.
एकंदरीत छाप पडली.

२० मार्च.
हॉटेलातून फोन आला. धाकटीसाठी.
चूक झाली असेल. आडनाव एकच ना.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ९.
चूक नव्हती.
धाकटी कामावर गेली, मी इंटरव्ह्यूसाठी शिवून घेतलेला शर्ट घालून. तिला जरा सैल होतो. दारातून म्हणाली, येते गं ताई. आमच्या घरात निघतानाही 'येते'च म्हणतात. अशा घरात वाढलेल्या मुलीला 'गो' जड जाणारच. यात माझा दोष नाही.
बाबांनी शेवटच्या पानावर 'पक्कं' लिहिलं. बरं वाटलं.
तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला जावं असं मनात आलं होतं. चपला सापडेपर्यंत ती दिसेनाशी झाली.