उघडा राहिलेला व्हॉल्व्ह

४ मार्च, मंगळवार

आज तरंगले! चव्वेचाळिसाव्या वर्षी, समुद्रात, पाठीवर, कुणाचाही हात नसताना. नणंद म्हणते, "हात मघाशीच काढला होता वहिनी. सांगितलं असतं तर दगडासारखी गेली असतीस." तशीच ओलेती वाळूत येऊन नवऱ्याला फोन लावला. वीजकेंद्रात ड्यूटीवर होता, तरी सगळं ऐकलं. वर म्हणाला, "परत सांग. पहिल्यापासून." सांगितलं!

५ मार्च

समुद्र बंद. किनाऱ्याला दोरी बांधलीय. केंद्रात समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पाइपांत शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीनचं पाणी सोडतात, जेमतेम दहा मिनिटं. काल व्हॉल्व्ह तासभर उघडा राहिला आणि सगळं समुद्रात गेलं. खडकांपाशी मासे, पोटं वर करून – पाठीवर, कालच्या माझ्यासारखे.

व्हॉल्व्ह ह्याच्याच ताब्यात होता.

६ मार्च

धड जेवला नाही.

८ मार्च, शनिवार

चौकशी लागली. नोकरी राहते की जाते, मंगळवारी कळेल. नणंदेचा धीर देण्याचा प्रकार असा – "दादा लहानपणापासून नळ उघडे टाकायचा. आईनं तेव्हाच केंद्राला कळवायला हवं होतं." हसला, चार दिवसांनी! मग मीही तोंडसुख घेतलं. टूथपेस्टचं झाकण, फ्रिजचं दार, कपाटाचे खण – अठरा वर्षांचं सगळं उकरून काढलं. आता घरातला प्रत्येक नळ दोनदा पिळून बघतो. न्हाणीघरातला इतका आवळला की मला उघडेना. आंघोळीसाठी त्यालाच हाक मारावी लागली.



११ मार्च, मंगळवार

नोकरी वाचली! बढती हुकली – हुकू दे. लक्ष कुठे होतं, असं साहेबांनी तीनदा विचारलं म्हणे. ह्याचं तीनदा एकच उत्तर: "नव्हतं." अरे, एखादी सबब तरी सांगायची! डोकं दुखत होतं, चक्कर आली, काहीही. भोळा सांब कुठला. नुसता हसला माझ्याकडे बघून.

१३ मार्च

दोरी काढली. पाणी तपासून झालं, स्वच्छ आहे. नणंदेचा निरोप – उद्या सकाळी तयार राहा, आता पालथं तरंगायचं.

१४ मार्च

निघताना पिशवी शोधत होते. टेबलावर चौकशीचा कागद. व्हॉल्व्ह बंद करायची वेळ: सव्वाअकरा.

फोन काढून चार तारखेचा कॉल पाहिला. अकरा बारा ते अकरा पंचवीस.

"परत सांग. पहिल्यापासून."